हिमनदीचं वजन किती घटलं, हे मोजतात कसं? काठ्या, खड्डे, उपग्रह आणि हिशोब

पांझराकाठ, धुळे

आपल्या भागातली भूगोल आणि भूमाहितीशास्त्र शिकणारी मुलं प्रकल्पाला हिमनदी हा विषय घेतात. त्यातले बरेच प्रकल्प एकाच साच्यातले असतात. दोन वेगळ्या वर्षांची उपग्रह चित्रं घ्यायची, हिमनदीच्या तोंडाशी दोन रेघा मारायच्या, मधलं अंतर मोजायचं आणि "हिमनदी इतके मीटर वितळली" असं लिहायचं. हे मोजमाप लांबीचं झालं, वस्तुमानाचं नाही. म्हणून हा धागा. ज्यांना त्यातलं कळतं त्यांनी नेमकं लिहावं, आकड्यांसकट.

आधी तोंडाचा मुद्दा निकालात काढतो. हिमनदी वाहती असते. वर हिम साठतं, त्याचा बर्फ होतो, तो खाली सरकतो आणि तोंडाशी वितळतो. हवामान बदललं की जाडी लगेच बदलू लागते, तोंड मात्र कैक वर्षांनी हलतं. हा उशीर किती, याचा ढोबळ अंदाज जाडीला तोंडाजवळच्या वार्षिक वितळीने भागून येतो. जाडी 150 मीटर आणि तोंडाशी वर्षाला 5 मीटर बर्फ जात असेल तर सुमारे 30 वर्षं. म्हणजे आज दिसणारी माघार बऱ्याच अंशी जुन्या हवामानाची असते. शिवाय तोंडावर दगडगोट्यांचा जाड थर असला तर तोंड जागच्या जागी राहतं आणि मागची हिमनदी आतल्या आत बसत जाते. अशा ठिकाणी रेघा मारून काहीच हाती लागत नाही.

मोजायचं असतं ते एवढंच: वर्षभरात किती वस्तुमान आलं, किती गेलं आणि वजाबाकी किती उरली. ही वजाबाकी "मीटर पाणी" या एककात सांगतात. उरलेली घट पाण्याच्या रूपात अख्ख्या हिमनदीवर सारखी पसरली तर थर किती जाडीचा होईल, तो हा आकडा. भारतात याची सलग आणि चांगली नोंद असलेलं ठिकाण म्हणजे हिमाचलातल्या लाहौल-स्पितीमधली छोटा शिग्री. लांबी सुमारे 9 किलोमीटर, क्षेत्रफळ साधारण 15.5 चौरस किलोमीटर, पाणी चंद्रा नदीला. तिथे 2002 पासून दरवर्षी मोजणी होते आणि 2002 ते 2019 ची सरासरी वर्षाला सुमारे उणे 0.46 मीटर पाणी आहे.

गिरणामाय, चाळीसगाव

दादा, "मीटर पाणी" डोळ्यासमोर येत नाही. आम्हाला दलघमी (दशलक्ष घनमीटर) कळतं. त्यात सांगता येईल का?

पांझराकाठ, धुळे

येतं की, ताई. 1 चौरस किलोमीटरवर 1 मीटर पाणी म्हणजे बरोबर 1 दलघमी. चौरस किलोमीटरला मीटर पाण्याने गुणलं की थेट दलघमी मिळतं. 15.5 गुणिले 0.46 म्हणजे वर्षाला सुमारे 7.1 दलघमी, म्हणजे पाव टीएमसी. गिरणा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे 523 दलघमी आहे, त्याच्या दीड टक्क्याहूनही कमी. एक लक्षात ठेवा, ही फक्त निव्वळ घट आहे. हिमनदीतून वर्षभरात वाहणारं पाणी याहून कितीतरी जास्त असतं, कारण जेवढं हिम नव्याने पडतं तेही वितळून जातंच.

मोठ्या प्रदेशाचे आकडे गिगाटनात असतात. 1 गिगाटन म्हणजे 1 घन किलोमीटर पाणी, म्हणजे 1000 दलघमी. आणि समुद्राची पातळी 1 मिलीमीटर वाढायला सुमारे 362 गिगाटन लागतात.

हिमरेषा, जळगाव

प्रत्यक्ष जागेवरची पद्धत लिहिते. दोन भाग आहेत: खालच्या झीज क्षेत्रात काठ्या, वरच्या संचय क्षेत्रात खड्डे.

काठी बांबूची. 2-2 मीटरचे तुकडे तारेने एकमेकांना जोडलेले, एकूण 10 मीटरपर्यंत. भोक पाडायला वाफेचं ड्रिल वापरतात: गॅसवर चालणारा छोटा बॉयलर, उष्णतारोधक नळी आणि पुढे वाफ सोडणारं टोक. स्वच्छ बर्फात सात-आठ मीटर खोल जायला साधारण अर्धा तास लागतो. बर्फात दगड अडकलेला असला तर ड्रिल तिथेच थांबतं. जोर लावण्यात अर्थ नाही, मीटर-दोन मीटर बाजूला नवं भोक घ्यायचं. तुकडे तारेने जोडण्याचं कारण असं की वरचा तुकडा पूर्ण उघडा पडला की तो आडवा होतो आणि वाऱ्याने खालच्या काठीला हिसके बसत नाहीत. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक हवाच, नाहीतर पुढच्या वर्षी कितवा तुकडा दिसतोय ते कळणार नाही.

वाचन वर्षाअखेरीस, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. पश्चिम हिमालयात तेव्हा वितळ थांबत आलेली असते आणि हिवाळ्याचं हिम अजून पडलेलं नसतं. उदाहरण घेऊ. मागच्या वर्षी काठी बर्फावर 1.20 मीटर उघडी होती, यंदा 3.85 मीटर. 2.65 मीटर बर्फ गेला. बर्फाची घनता 900 किलो प्रति घनमीटर धरली तर 2.65 × 0.9 = 2.385 मीटर पाणी. यंदा काठीपाशी 20 सेंटिमीटर ताजं हिम असेल आणि त्याची घनता 350 असेल तर 0.07 मीटर परत मिळवायचं. त्या जागेचा हिशोब उणे 2.315.

यात चुका कुठे होतात ते सांगते, कारण पुस्तकात हा भाग दोन ओळींत उरकतात. काठी कललेली असेल तर तिच्या अंगाने टेप लावायचा नाही, उभी उंची घ्यायची. बुंध्याभोवती उन्हाने वाटीसारखा खळगा होतो. टेप खळग्याच्या तळाला टेकवला तर वितळ जास्त दिसते. म्हणून आडवी पट्टी खळग्याच्या दोन्ही काठांवर टेकवून तिथपासून मोजतात. धातूचा पाइप ऊन पिऊन स्वतःच खाली बुडत जातो आणि वितळ कमी दिसते, बांबूत हा त्रास फार कमी. आणि काठी हिमनदीबरोबर पुढे सरकते, म्हणून दरवर्षी तिची जागा जीपीएसने नव्याने घ्यावी लागते. मोबाईलच्या जीपीएसवर उंची 10 मीटरनेही चुकू शकते. उंचीसाठी एक स्थिर यंत्र बाजूच्या कातळावर आणि दुसरं हातात, अशी जोडीच लागते.

सातपुडा_वारा, शहादा

ताई, धडगाव-अक्कलकुव्याकडची मानवेल चालेल का या कामाला? भरीव असते, केळीच्या बागेत टेकूला टिकते म्हणून विचारलं.

हिमरेषा, जळगाव

चालायला हरकत नाही, भाऊ. बघायचं ते तीन गोष्टी. पूर्ण वाळलेली हवी, ओली असली की भोकातलं पाणी गोठताना तडकते. सरळ हवी. आणि जाडी भोकाला साजेशी, साधारण 3 सेंटिमीटरच्या आसपास. फार सैल बसली तर डुलते, फार घट्ट असली तर अर्ध्यातच अडकते. भरीव काठी वजनाला जड पडते हा तोटा. 4500 मीटर उंचीवर पाठीवरून वाहून न्यायची असते, तिथे प्रत्येक किलो मोजावा लागतो.

आता खड्डे. संचय क्षेत्रात मागच्या उन्हाळ्याचा पृष्ठभाग शोधावा लागतो. तो धुळीच्या मळकट रेघेने किंवा कडक बर्फाच्या पापुद्र्याने ओळखू येतो. तिथपर्यंत खणायचं, सावलीकडची भिंत साफ कापायची आणि वरून खाली दर 20 सेंटिमीटरला ठराविक घनफळाची, समजा 500 घनसेंटिमीटरची, स्टीलची नळी आडवी खुपसून नमुना काढून काट्यावर तोलायचा. 500 घनसेंटिमीटरमध्ये 210 ग्रॅम भरलं तर घनता 420. दीड मीटर जाडीची सरासरी 420 आली तर 1.5 × 0.42 = 0.63 मीटर पाणी. उन्हाच्या बाजूची भिंत निवडली तर नमुना ओला होतो आणि घनता फुगते. मळकट रेघा दोन दिसल्या तर घाईने वरची धरू नये, वर्षाच्या मध्येच वाळूधूळ येऊन पडल्यामुळेही रेघ तयार होते. खात्रीसाठी आदल्या वर्षी त्या जागी रंगीत पूड किंवा लाकडाचा भुसा पसरून ठेवतात.

अनेर, चोपडा

म्हणजे 20-25 काठ्यांची सरासरी काढली की झालं?

पांझराकाठ, धुळे

नाही, अनेरभाऊ. इथेच बहुतेकांचा हिशोब फसतो. सरासरी क्षेत्रफळाच्या भाराने काढायची. उंचीचे पट्टे पाडायचे (प्रत्यक्षात 50 मीटरचे, इथे सोपं म्हणून तीनच घेतो). खालचा पट्टा 3 चौरस किलोमीटर, उणे 2.5. मधला 5 चौरस किलोमीटर, उणे 0.9. वरचा 7 चौरस किलोमीटर, अधिक 0.6. गुणाकार: उणे 7.5, उणे 4.5, अधिक 4.2. बेरीज उणे 7.8, भागिले 15, म्हणजे उणे 0.52. हेच तीन आकडे नुसते सरासरीला घातले असते तर उणे 0.93 आलं असतं, जवळजवळ पावणेदोन पट. काठ्या खाली जास्त आणि वर कमी असतात, कारण वर जाणं कठीण. त्यामुळे नुसती सरासरी नेहमी तोट्याकडेच झुकते.

दगडमातीखालच्या बर्फाचंही वेगळं बघावं लागतं. पातळ थर, एक-दोन सेंटिमीटरचा, ऊन शोषून वितळ वाढवतो. जाड थर झाकण घातल्यासारखा ती कमी करतो. छोटा शिग्रीचा जेमतेम 3-4 टक्के भाग असा झाकलेला आहे, म्हणून तिथे ही पद्धत सोयीची. गंगोत्रीसारख्या, खालचा बराच भाग दगडांनी झाकलेल्या हिमनदीवर मात्र स्वच्छ बर्फातल्या काठ्यांवरून झाकलेल्या भागाचा अंदाज करणं चूक.

हिमरेषा, जळगाव

एक भर. नेपाळकडे, पूर्व हिमालयात, हिम पडण्याचा मुख्य काळ पावसाळाच आहे. वर हिम पडतंय त्याच महिन्यांत खाली वितळतंय. तिथे "हिवाळ्याची जमा आणि उन्हाळ्याचा खर्च" असा वेगवेगळा हिशोब मांडता येत नाही, वर्षाची वजाबाकी तेवढी मिळते. लाहौल-स्पितीत पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामानामुळे, हिवाळी जमा मोठी असते, म्हणून तिथे मे-जूनमध्ये एक फेरी आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी अशी मांडणी जमते.

मेहरूण, जळगाव

काठ्यांवर दोन आक्षेप आहेत. एक, कड्यांवरून कोसळणारे हिमकडे. हिमालयातल्या कितीतरी हिमनद्यांना मोठा पुरवठा याच मार्गाने होतो आणि नेमक्या त्या जागी कोणी खड्डा खणायला जाऊ शकत नाही. दोन, काठी फक्त पृष्ठभागाचं सांगते. आत झिरपून पुन्हा गोठलेलं पाणी, तळाशी होणारी वितळ तिला दिसत नाही. वर्षागणिक एकाच दिशेची छोटी चूक साठत गेली तर वीस वर्षांच्या बेरजेत ती मोठी होते.

म्हणून दर दहाएक वर्षांनी उंचीच्या नकाशांची वजाबाकी करून काठ्यांची मालिका तपासावी लागते. हे काम जळगावात संगणकासमोर बसून, फुकट मिळणाऱ्या सामग्रीवर करता येतं. प्रकल्पाला मी हेच सुचवेन. पायऱ्या देतो.

पहिला नकाशा एसआरटीएमचा, फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातल्या रडारने 11 दिवसांत टिपलेला. दुसरा युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा, 30 मीटरच्या पिक्सेलचा, टॅनडेम-एक्स उपग्रहांच्या साधारण 2011 ते 2015 मधल्या मोजणीवर बेतलेला. हिमनदीची हद्द रँडॉल्फ सूचीतून, म्हणजे जगभरच्या हिमनद्यांच्या हद्दींच्या मोफत यादीतून.

दोन्ही नकाशांची उंची वेगवेगळ्या शून्यापासून मोजलेली असते. एसआरटीएम ईजीएम96 वर, कोपर्निकस ईजीएम2008 वर. आधी दोन्ही एका शून्यावर आणा. मग यूटीएम 43 उत्तर या, मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत प्रक्षेपित करा. अंश-सेकंदातच ठेवून क्षेत्रफळ आणि उतार काढला तर सगळंच चुकतं. दोन्हींचे पिक्सेल एकाच जाळीवर बसवा, "जवळचा शेजारी" पद्धत न वापरता बायलिनिअर किंवा क्यूबिकने, म्हणजे आजूबाजूच्या पिक्सेलांवरून मधली किंमत काढणाऱ्या पद्धतीने. मग नव्यातून जुना वजा करा. हिमनदीबाहेरच्या कातळावर उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं. ते येत नसेल तर हिमनदीवरच्या आकड्याला किंमत नाही.

दोन्ही नकाशांत मूळ मोजणी नसलेल्या जागा दुसऱ्या नकाशांतून भरलेल्या असतात. अशा भरलेल्या जागा दाखवणारी फाईल सोबत मिळते. ती लावून ते पिक्सेल वगळा. नाहीतर एसआरटीएममधून एसआरटीएमच वजा होऊन "बदल शून्य" दिसेल आणि हिमनदी स्थिर आहे असं वाटेल.

अनेर, चोपडा

दादा, क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये इथपर्यंत करून पाहिलं. कातळावर शून्य येत नाही. पूर्वेकडच्या उतारांवर सगळीकडे अधिक 10-12 आणि पश्चिमेकडच्या उतारांवर उणे तेवढंच. सपाटीला ठीक आहे. हिमनदीवरचा बदल त्यापुढे दिसेनासा होतो.

मेहरूण, जळगाव

एका नकाशाचा दुसऱ्यावर आडवा सरकाव झालाय. खूण अगदी स्पष्ट आहे: समोरासमोरच्या उतारांवर उलट चिन्हं, सपाटीला काही नाही. 30 अंशांच्या उतारावर एक पिक्सेल, म्हणजे 30 मीटर, सरकलं तर उंचीत 17 मीटरची चूक होते. अर्धा पिक्सेल सरकला तरी पावणेनऊ. तुमचा आकडा पाहता अर्ध्या पिक्सेलहून थोडा जास्त सरकाव असावा. पिक्सेलची जागा कोपऱ्यावरून धरायची की मध्यावरून, यात सॉफ्टवेअरचा गोंधळ झाला तरी अर्धा पिक्सेल जातो, ते आधी तपासा.

दुरुस्ती अशी: फक्त स्थिर कातळ घ्या, हिमनद्या, तळी आणि हिमाचे पट्टे वगळून. 5 अंशांपेक्षा सपाट आणि 40 पेक्षा तीव्र उतार काढून टाका. प्रत्येक पिक्सेलवर उंचीतला फरक भागिले उताराचा टॅन हा आकडा काढा आणि तो उताराच्या दिशेसमोर आलेखावर मांडा. सुंदर कोसाइन लाट दिसते. लाटेची उंची म्हणजे किती मीटर सरकाव, शिखराची दिशा म्हणजे कोणत्या बाजूला. तेवढं सरकवा आणि पुन्हा तपासा, दोन-चार फेऱ्यांत स्थिरावतं. ही रीत नुथ आणि कॅब यांनी 2011 मध्ये मांडली. पायथनमधल्या एक्सडेम या मोफत संचात ती तयार आहे, पण एकदा तरी आलेख स्वतः काढून पाहा. लाट आलीच नाही तर दोष सरकावाचा नाही, दुसरं काही शोधावं लागतं.

अनेर, चोपडा

जमलं. कातळावरचा मध्यक अर्ध्या मीटरच्या आत आला. आता पुढे?

मेहरूण, जळगाव

हिमनदीवरचे वेडेवाकडे पिक्सेल काढा आणि रिकाम्या जागा त्याच उंचीच्या 50 मीटर पट्ट्याच्या सरासरीने भरा. रिकाम्या जागा नुसत्या वगळल्या तर चूक होते, कारण रिकाम्या जागा बहुधा वरच्या तीव्र, पांढऱ्याशुभ्र भागात असतात आणि तिथे बदल कमी असतो.

मग हिशोब. समजा सरासरी उंची 7 मीटरने घटली. आकारमान ते वस्तुमान यासाठी 850 किलो प्रति घनमीटर ही घनता वापरायचा प्रघात आहे, अधिक-उणे 60. गेलेलं सगळं काही घट्ट बर्फ नसतं, काही वरच्या भागातलं अर्धवट घट्ट झालेलं जुनं हिम असतं, म्हणून 900 घेत नाहीत. 7 × 0.85 = 5.95 मीटर पाणी. 13 वर्षांनी भागलं तर वर्षाला उणे 0.46. पाच वर्षांपेक्षा कमी काळासाठी हा 850 वापरू नका, थोड्या काळात हिमाच्या थराची घनता स्वतःच इतकी बदलते की आकडा टिकत नाही.

दोन इशारे प्रकल्पात लिहायलाच हवेत. एसआरटीएमचं सी-पट्ट्याचं रडार कोरड्या हिमात काही मीटर आत शिरून परततं, म्हणजे 2000 चा पृष्ठभाग होता त्यापेक्षा खाली दिसतो आणि घट कमी भासते. टॅनडेम-एक्सचं एक्स-पट्ट्याचं रडारही शिरतं, पण कमी. दुसरं, कोपर्निकसचा नकाशा अनेक तारखांच्या तुकड्यांतून जोडलेला आहे. त्यामुळे "13 वर्षं" हा भागाकारही अधिक-उणे दोन वर्षांचा धरा.

गिरणामाय, चाळीसगाव

आणि ते गुरुत्वाकर्षणाने मोजणारे उपग्रह? त्यांना तर घनतेची भानगडच नको ना?

पांझराकाठ, धुळे

बरोबर, ताई, ते थेट वस्तुमान मोजतात. ग्रेस ही जोडी मार्च 2002 मध्ये गेली, 2017 पर्यंत चालली, आणि मे 2018 पासून ग्रेस-एफओ. एकामागे एक सुमारे 220 किलोमीटरवर दोन उपग्रह. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा आधी ओढला जातो आणि दोघांतलं अंतर बदलतं. तो बदल मायक्रोमीटरपर्यंत मोजतात आणि महिन्याचा नकाशा काढतात.

अडचण अशी की नजर फार ढोबळ, सुमारे 300 किलोमीटरची. एक हिमनदी सोडाच, आपलं अख्खं तापी खोरं, सुमारे 65 हजार चौरस किलोमीटर, तिला एका ठिपक्याहूनही लहान. आणि ग्रेसला बर्फ आणि भूजल यांत फरक कळत नाही. हिमालयाच्या पायथ्याशीच पंजाब, हरियाणा, राजस्थानचा उपसा आहे. 2002 ते 2008 मध्ये तिथे वर्षाला सुमारे 17.7 घन किलोमीटर भूजल घटल्याचं याच उपग्रहांवरून 2009 मध्ये मांडलं गेलं. हा उपसा नीट वेगळा केला नाही तर तो बर्फाच्या खात्यात जमा होतो. त्याचा परिणाम बघा: उंच आशियातल्या पर्वतांसाठी एका अभ्यासाने याच उपग्रहांवरून वर्षाला 47 गिगाटन घट काढली, तर 2012 मध्ये आलेल्या दुसऱ्याने 4 गिगाटन, तीही अधिक-उणे 20. नंतर 2017 मध्ये अ‍ॅस्टर उपग्रहाच्या उंची-नकाशांवरून 2000 ते 2016 साठी वर्षाला सुमारे 16 गिगाटन आली.

सातपुडा_वारा, शहादा

मग रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातला उपसा ग्रेसवर दिसेल का?

पांझराकाठ, धुळे

नाही, भाऊ, पट्टा फार लहान आहे. त्यासाठी निरीक्षण विहिरींची मे आणि ऑक्टोबरची पातळीच बघावी. ग्रेसच्या नकाशावरून तालुक्याचं काही सांगणारा लेख दिसला तर त्यावर विसंबू नका.

अनेर, चोपडा

आभार भाऊ, बठ्ठं समजनं. शेवटचं एक: उत्तरापुढचं अधिक-उणे कसं काढू? सगळ्या पिक्सेलचं प्रमाण विचलन भागिले पिक्सेलच्या संख्येचं वर्गमूळ केलं, तर 0.03 मीटर आलं. इतकं कमी कसं?

मेहरूण, जळगाव

कमी येणारच, कारण त्या सूत्रात प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र धरलाय. शेजारच्या पिक्सेलांच्या चुका एकसारख्या असतात. कातळावरच्या फरकांचा व्हेरिओग्राम, म्हणजे अंतर वाढेल तसे फरक किती वेगळे होत जातात याचा आलेख, काढा आणि किती अंतरापर्यंत चुका एकमेकींशी जोडलेल्या आहेत ते पाहा. समजा 500 मीटर निघालं. 15 चौरस किलोमीटरला 500 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाने, 0.785 ने, भागलं की स्वतंत्र नमुने जेमतेम 19 उरतात, सोळा-सतरा हजार पिक्सेल नव्हेत. वर्गमूळ त्या 19 चं घ्या. मग त्यात घनतेचे 7 टक्के, रडार शिरण्याची चूक आणि हद्दीची चूक वर्ग करून मिळवा आणि बेरजेचं वर्गमूळ काढा. व्हेरिओग्राम काढताना हिमनदीवरचे पिक्सेल चुकून आत राहिले नाहीत ना, तेवढं आधी बघा.